साच्यातला प्रीतम

कल्याणच्या कुंभारवाड्यात साचे काढण्यात पोपटचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करतील. पण हात सोन्याचा असला म्हणून माणूस शहाणा असतोच असं नाही. नाहीतर मंगळवारी भर दुपारी, ठाण्याच्या एका गारेगार मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर, बायकोच्या मागे उभं राहून त्याला घाम कशाला फुटला असता?

बायको मात्र खुशीत होती. मीराबाईने लग्नकार्यातली जांभळी साडी नेसली होती. शेजारच्या बिल्डिंगमध्ये वर्षभरापूर्वी राहायला आलेल्यांची कृतिका या मॉलमधल्या नव्या म्युझियममध्ये कामाला होती. दृष्टिभ्रमाचं म्युझियम. भिंतीवरच्या चित्रात शिरा, उलट्या खोलीत छताला लटका, फोटो काढा, हसा. ‘काकू, किती दिवस घरात बसणार? या ना एकदा,’ म्हणून पोरगी महिनाभर मागे लागलेली. प्रीतमला जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा, शिळफाट्याला बाईकच्या अपघातात गेला. तेव्हापासून मीराबाई कुठे म्हणून गेली नव्हती.

पोपटने न जाण्याची शंभर कारणं काढली. गुडघा दुखतो, मूर्तींची ऑर्डर अडलीय, पित्त झालंय. एक चाललं नाही. चालणार कसं? खरं कारण सांगायची त्याची छाती नव्हती. त्या म्युझियमच्या शेवटच्या खोलीत प्रीतमचा चेहरा होता, आणि तो पोपटनेच विकला होता.

कसा ते सांगतो. प्रीतम वीस वर्षांचा असताना पोपटने एका रविवारी त्याला कारखान्यात समोर बसवलं आणि शाडूत त्याचा चेहरा घडवला. हुबेहूब. त्यावर प्लास्टर ओतून साचा काढला. साचा काढताना आतली माती मोडते, ती मोडली. साचा तेवढा माळ्यावर राहिला. पोरगा गेल्यावर पोपट मूर्ती काढायला माळ्यावर चढला की त्याला दरदरून घाम यायचा. गोणपाटात गुंडाळून ठेवला तरी तो बघतोय असं वाटायचं. तशात नौपाड्याचा बंटी डेकोरेटर आला. ‘काका, एक खोलगट चेहरा पाहिजे, पण खऱ्या माणसाचा वाटला पाहिजे.’ पोपटने मागचापुढचा विचार केला नाही. दिला काढून.

आणि वर्षश्राद्धाला मीराबाई म्हणाली, “अहो, तो साचा काढा ना खाली. एकदा माती दाबते. दिसू दे मला.”

तेव्हा हा शहाणा काय म्हणाला असेल? “दुर्गाडीला खाडीत सोडला.” मीराबाई दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, “बरं केलंत. मोकळा केलात त्याला.” तिथेच खरं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. मग दोन महिन्यांपूर्वी बंटीने मोठ्या कौतुकाने फोन केला, ‘काका, तुमचा पीस ठाण्याच्या मॉलमधल्या म्युझियममध्ये लागला बरं का, एकदम शेवटच्या खोलीत!’ आणि पोपटची झोप उडाली.

आत शिरल्यावर मीराबाई लहान मुलीसारखी हरखली. एका तिरक्या खोलीत ती राक्षसाएवढी दिसली आणि पोपट अंगठ्याएवढा. “आता कळलं घरात कोण मोठं ते!” असं म्हणून ती खोखो हसली. टेबलाच्या भोकातून डोकं वर काढून तिने ताटात वाढलेल्या आपल्याच मुंडक्याचा फोटो काढून घेतला. तिचं हसणं ऐकून पोपटला रडू यायला लागलं. तीन वर्षांनी हसतेय बिचारी, आणि आपण काय करून बसलोय!

“चल गं, पाय भरून आले. चहा घेऊ,” तो म्हणाला.

“काका, शेवटची तर बेस्ट आहे!” कृतिकाने काळा पडदा बाजूला केला.

खोलीत अंधार होता. समोरच्या काळ्या भिंतीत, खालून दिवा सोडलेला एक पांढराफटक चेहरा. “हा खरं तर आत गेलेला खड्डा आहे,” कृतिका म्हणाली, “पण डोळ्यांना पुढे आलेला दिसतो. तुम्ही जिकडे जाल तिकडे मान वळवतो. बघा फिरून.” तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली आणि ती गेली.

पोपटचा जन्म साच्यांत गेला. साच्याकडे बघून आत काय, बाहेर काय हे त्याला झोपेतही कळायचं. पण त्याने एक पाऊल डावीकडे टाकलं आणि प्रीतमने सावकाश त्याच्याकडे मान वळवली. तो उजवीकडे सरकला, तर प्रीतमही वळला. जिवणीच्या कोपऱ्यातलं ते अर्धवट हसू पोपटने स्वतःच्या बोटाने ठेवलेलं होतं. आता ‘बाबा’ म्हणून हाक येईल, असं त्याला वाटलं.

मीराबाईचं हसणं थांबलं होतं. ती इकडून तिकडे गेली, परत आली.

“अहो,” ती म्हणाली, “हा आपला प्रीतम.”

पोपटने पडद्याकडे पाहिलं.

ती चेहऱ्यासमोर बांधलेल्या दोरीपर्यंत पुढे गेली. बराच वेळ बघत राहिली. “पण भुवई बघा. आपल्या प्रीतमला मांजाने कापलं होतं ते डाव्या भुवईत. ह्याचा कट उजव्या भुवईत दिसतोय.” मग चेहऱ्यावरची नजर काढून तिने ती पोपटवर रोखली. “नाही ना हो हा तो?”

पोपटच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साच्यात डावं ते उजवं दिसणारच! धंद्यानेच आज धन्याला तारलं. देव पावला!

“छे गं,” तो म्हणाला. आवाज बराच बरा लागला. “एका चेहऱ्याची सात माणसं असतात जगात. कुणाचा तरी पोरगा असेल. चल.”

“असेल,” मीराबाई म्हणाली. पण जागची हलली नाही.

“चल ना. चहा...”

“तीस वर्षं तुमच्या साच्यांत माती कोण दाबतंय हो?” ती शांतपणे म्हणाली. “गणपतीचा उजवा हात साच्यात डावा दिसतो, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकले. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हाच ओळखला मी त्याला. आईला काय भुवई बघावी लागते?”

“मीरा, अगं, मला तो बघवत नव्हता...”

“मग हे तेव्हाच सांगायचं होतंत. आता विचारलं तेव्हा तरी सांगायचं होतंत. खरं बोलला असतात ना, तर विकल्याचंसुद्धा पोटात घातलं असतं मी. हात जोडून मागून घेतला असता साचा, आणि गेलो असतो तिघं घरी.”

तिने पदर सावरला आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी बसते ह्याच्यापाशी.”

पोपट दाराशी गेला. पडदा धरून त्याने एकदा वळून पाहिलं. मीराबाई प्रीतमकडे बघत होती, आणि प्रीतम पोपटकडे.