मी, मासा आणि बांगकाका

मित्रांनो, मी एक जुना डॅशकॅम आहे. आमच्या दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात मला सगळे ब्लॅकबॉक्स म्हणतात. रंगाने मी काळा आहे हे खरं, पण पेटी म्हणावं एवढा काही मोठा नाही. साबणाच्या वडीएवढा असेन. गाडीच्या पुढच्या काचेला, आरशाच्या मागे चिकटून मी बसतो आणि समोरचं सगळं टिपून ठेवतो. तुम्ही वर्गाच्या खिडकीतून बघता तसं कंटाळून मी बघत नाही. मला रोजचा रस्ताही नवा वाटतो.

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, तोंडावर भिंग बसवलं आणि खोक्यात घातलं, एवढंच मला तिथलं आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं योंगदो बेटावरच्या एका छोट्या दुकानात. योम मिरान नावाच्या बाईंनी मला तिथे हातात घेतलं.

मिरानबाई माशाच्या वड्यांच्या दुकानात पहाटेच्या पाळीला जात. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. लायसन्सच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाल्या की परीक्षा घेणारे साहेब त्यांना नावाने ओळखू लागले होते. घरात त्यांच्या गाडी चालवण्यावर रोज एक तरी विनोद व्हायचा. शेवटी पास झाल्या, एक जुनी छोटी गाडी घेतली आणि मला शोधत आल्या. सोबत त्यांचे यजमान सांगचोल होते.

"गाडी बंद असली तरी हा बघतो का?" बाईंनी दुकानदाराला विचारलं.

"बंद गाडीत काय बघणार? तू ती कशी लावलीस ते?" सांगचोल म्हणाले.

"बघतो ना ताई," दुकानदार म्हणाला. "बॅटरीला वेगळी वायर जोडून देतो. उभ्या गाडीला कुणी नुसता धक्का दिला तरी टिपून ठेवेल. आणि हे कार्ड याच्यासोबत फुकट."

बाईंनी ते फुकटचं मेमरी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "किती टिकेल हे?"

दुकानदार जरा घुटमळला, पण माणूस सरळ होता. "खरं सांगू? फोटो काढायला पुष्कळ झालं. हा मात्र दिवसभर लिहितो, जागा संपली की जुनं पुसतो आणि पुन्हा लिहितो. वर काचेतलं ऊन. हे कार्ड पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकेल, आणि टाकलेली कळणारही नाही. गाडीसाठी वेगळं दणकट कार्ड येतं. घ्यायचंच तर मोठं घ्या."

"नखाएवढी वस्तू, तिचे एवढे पैसे?" सांगचोल म्हणाले.

"नखाएवढीसाठी एवढं भांडू नका मग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दणकट, मोठं कार्ड घेतलं.

ते कार्ड माझ्या कुशीत खट्‌कन बसलं तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी नुसता डोळा आहे, मित्रांनो. आठवण सगळी कार्डात असते. चांगला डोळा आणि फुटकी आठवण, असे कितीतरी कॅमेरे या शहरात रुबाबात फिरत आहेत.

जाताना दुकानदाराने बजावलं होतं की धक्क्याची जाणीव कमीवर ठेवा. घरी येताच सांगचोलनी ती सगळ्यात जास्तवर नेली. जास्त म्हणजे चांगलं, असं त्यांचं सगळ्याच बाबतीत मत होतं. त्यामुळे झालं असं की रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मला अपघात वाटू लागला आणि दर वेळी मी खणखणीत आवाजात म्हणू लागलो, "धक्क्याची नोंद झाली." रात्री मांजर टपावर बसलं तरी मी सकाळी सांगायचो, "गाडी उभी असताना धक्का बसला आहे." पहिले काही दिवस बाई दचकल्या. मग त्यांनी ऐकणंच सोडलं.

माझं दुसरं दुःख म्हणजे मासा. नव्या गाडीची पूजा करताना सासूबाईंनी चाकांवर तांदळाची दारू शिंपडली, गाडीला वाकून नमस्कार केला आणि पांढरा दोरा गुंडाळलेला अख्खा सुका मासा माझ्यासमोर काचेला टेकवून ठेवला. तोंड वासलेलं, डोळे माझ्यावर रोखलेले.

"आई, कॅमेऱ्याच्या मध्ये येतोय तो," सांगचोल म्हणाले.

"मग कॅमेऱ्याला सांग, मान वाकडी करून बघ. गाडी राखणार मासाच," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक चित्रात मधोमध मासा असतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. आमची इमारत टेकडीवर आहे. गाड्या फार आणि जागा थोडी. म्हणून उशिरा येणारे लोक आधीच्या गाड्यांसमोर आडवी गाडी लावतात, हँडब्रेक सोडतात आणि गिअर काढून ठेवतात. ज्याला बाहेर पडायचं असेल तो ती आडवी गाडी हाताने ढकलून वाट करून घेतो. रखवालदार बांगकाका तर रोज सकाळी कुणाकुणासाठी गाड्या ढकलत असतात. फक्त उताराच्या टोकाशी गाडी लावली तर चाकाखाली लाकडी ठोकळा घालायचा, हा आमच्याकडचा नियम.

त्या दुपारी मिरानबाई दमून आल्या. उताराच्या टोकाशीच जागा होती. त्यांनी गाडी आडवी लावली, गिअर काढला, डिकीतून वड्यांची टोपली उचलली, डिकी धाडकन आपटली आणि जिन्याकडे गेल्या. ठोकळा राहिला.

डिकी आपटल्याचा हादरा मला बसला आणि मी जागा झालो. समोरचा विजेचा खांब सरकू लागला होता. खांब कसा सरकेल? सरकत होतो आम्ही. आधी गोगलगायीसारखे, मग भरभर. गाडीत मी आणि मासा, दोघंच. माझा नोंदीचा छोटा दिवा भराभर लुकलुकत होता आणि मी एकेक क्षण कार्डावर उतरवत होतो.

तेवढ्यात हातातला झाडू फेकून बांगकाका धावत आले. त्यांनी एका हाताने बाजूचा आरसा पकडला, दुसऱ्याने वायपरचा दांडा, आणि सगळं अंग मागे टाकलं. त्यांचा लालबुंद चेहरा माशाच्या शेजारी काचेला चिकटला होता. गाडी त्यांना फरपटत नेत होती आणि ते तिला विनवत होते, "थांब गं, माझे आई, थांब!"

आमचा वेग कमी झाला, पण गाडी काही थांबली नाही. उताराखाली प्योबाईंची नवीकोरी पांढरी गाडी उभी होती. तिच्या दाराला आम्ही धप्पकन टेकलो आणि दाराला पोचा पडला.

प्योबाई म्हणजे आमच्या रहिवासी समितीच्या अध्यक्षा. त्या सातव्या मजल्यावरून कपडे वाळत घालता घालता हे बघत होत्या. गाडीला हात लावलेला माणूस गाडीबरोबर चाललाय, एवढं त्यांना दिसलं. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो.

"ढकलता येत नाही तर ढकलता कशाला?" खाली येऊन त्या कडाडल्या.

"बाई, मी धरत होतो. ढकलत नव्हतो," बांगकाका धापा टाकत म्हणाले.

"मी या डोळ्यांनी पाहिलंय."

काकांचा वर्षाचा करार महिनाअखेरीला संपत होता. नव्या करारावर शनिवारी समिती बसणार होती, आणि रखवालदार कमी करून फाटकाला यंत्र लावावं, असं काही जणांचं आधीच चाललं होतं. सत्तरीला आलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? काका झाडू उचलून गेले. मिरानबाईंना घरी कळलं ते एवढंच, की बांगकाकांच्या हातून गाडी निसटली.

आणि मी? मला सगळं माहीत होतं! दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी चालू करताच मी सांगितलं, "गाडी उभी असताना धक्का बसला आहे." त्यांनी जांभई दिली. रोजच सांगणाऱ्याचं कोण ऐकतं?

त्याहून मोठी भीती वेगळीच होती. धक्क्यांसाठी कार्डावर एक कोपरा राखलेला असतो. तो भरला की सगळ्यात जुना धक्का आधी पुसला जातो. योंगदोच्या चढउतारांवर गतिरोधकांना तोटा नाही. प्रत्येक गतिरोधकावर मी ओरडत होतो, "धक्क्याची नोंद झाली," आणि प्रत्येक नोंदीबरोबर बांगकाका कड्याच्या टोकाकडे एक पाऊल सरकत होते. फुकटचं छोटं कार्ड असतं तर ते पहिल्याच दिवशी पुसले गेले असते. मोठं कार्ड होतं म्हणून तग धरून होते. मित्रांनो, आपल्याच आवाजाचा एवढा धसका मी कधी घेतला नव्हता.

शनिवारी दुपारी बाई नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन बाजारातून परत येत होत्या. एका गतिरोधकावर मी नेहमीचं वाक्य म्हणालो.

"याला एकदा बंद करा गं बाई. नुसती कटकट," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी एकदम ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली. "एवढ्याशा उंचवट्याचं हा सांगतो. मग परवाचं?"

त्यांनी माझ्या पाठीवरचा छोटा पडदा चालू केला आणि नोंदींत मागे मागे जायला लागल्या. गतिरोधक, गतिरोधक, मांजर, गतिरोधक. माझा जीव टांगणीला लागला होता. आणि अगदी टोकाला, पुसलं जाण्याच्या बेतात असलेले बांगकाका सापडले. थांब गं, माझे आई, थांब.

"म्हणजे कुणी ढकललीच नाही," सांगचोल हळू आवाजात म्हणाले. "दाराचा खर्च आपल्यावर आला. आणि इमारतभर हसं होणार ते वेगळंच. मिरानबाईंची गाडी आत कुणी नसतानाही धडकते म्हणून." त्यांचं बोट माझ्या बटणाकडे आलं. "हे दोन सेकंद दाबलं की कार्ड कोरं होतं. कॅमेरे बिघडतात. कुणाला काय कळतंय?"

मला हलता आलं असतं तर मी ते बटण लपवलं असतं. खरं सांगतो, मला बाईंचंही वाईट वाटत होतं. ज्या बाईंनी मला निवडलं, माझ्यासाठी भांडून चांगलं कार्ड घेतलं, त्यांच्याच विरुद्धची साक्ष माझ्या पोटात होती.

"कोरं कर," मागून सासूबाई म्हणाल्या. "फक्त आधी माझ्या किमचीच्या लोणच्याच्या बरण्या खाली नेऊन ठेव. बांगनेच वर चढवल्यात त्या. लिफ्ट बंद होती तेव्हा तू पाठ दुखते म्हणून झोपला होतास."

सांगचोलनी बोट मागे घेतलं, पण तोंडाने म्हणत राहिले, "मी तुझ्यासाठीच सांगतोय. हसतील लोक तुला."

"तुम्ही घरात हसताच की," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे." आणि त्यांनी गाडी सुरू केली. सगळ्या वाटेवर त्यांनी गतिरोधक इतक्या हळू ओलांडले की मला तोंड उघडावं लागलं नाही.

समितीच्या खोलीच्या दाराशीच त्यांनी गाडी उभी केली, दारं सताड उघडली आणि आत जाऊन सगळ्यांना बाहेर बोलावून आणलं. बघता बघता माझ्याभोवती डोकी गोळा झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांकडे नाही, माणसं माझ्याकडे बघत होती!

पडद्यावर आधी आला मासा. वासलेलं तोंड, दोऱ्याची गाठ.

"हा कोण साक्षीदार?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. मग खांब सरकू लागला. मग काकांचा चेहरा आला आणि त्यांचा आवाज आला. हसणं थांबलं.

"पुन्हा लावा," प्योबाई म्हणाल्या. पुन्हा लावलं. त्या वाकून शेवटपर्यंत बघत राहिल्या.

"गाडी मी लावली," मिरानबाई म्हणाल्या. "ठोकळा घातला नाही. डिकी आपटली. काकांनी धरली नसती तर तुमचं दारच काय, अख्खी गाडी गेली असती. चूक माझी आहे."

प्योबाई सावकाश सरळ झाल्या. "वरून मला टोपी दिसली आणि हात दिसले. तोंड दिसलं नाही." मग त्या गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या बांगकाकांकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकल्या. काका इतके गोंधळले की तेही वाकले आणि दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

"सोमवारी येऊन करारावर सही करा," त्या म्हणाल्या. मग मिरानबाईंकडे वळल्या. "दाराचं बिल तुम्हाला पाठवते."

"पाठवा," बाई म्हणाल्या.

इमारतीत हसले लोक. बरेच दिवस हसले. लिफ्टमध्ये बाईंना कुणी ना कुणी विचारायचं, "आज गाडीत कोण आहे, तुम्ही की मासा?" बाईही हसायच्या आणि रोज गाडी काढायच्या. सांगचोलनी मात्र माझी धक्क्याची जाणीव गुपचूप कमीवर आणून ठेवली.

आता माझं भिंग धुरकट झालं आहे. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर माझ्या भावंडांची काळजी घ्या. भिंग पुसा, कार्ड दणकट घ्या, महिन्यातून एकदा ते तपासून बघा. एवढं केलंत की आमचं काम आम्ही चोख करू. पण माझ्या पाठीवर बटणं दोन आहेत, एक दाखवायचं आणि एक पुसायचं. त्यातलं कुठलं दाबायचं ते मला ठरवता येत नाही. त्या शनिवारी रस्त्याच्या कडेला ते मिरानबाईंनी ठरवलं. तुमच्यावर तशी वेळ आली आणि पडद्यावर तुमचीच चूक दिसत असली, तरी गाडीचं दार उघडा आणि माणसांना बोलवा. बाहेर कुणी बांगकाका उभे असतील.