साठावी पायरी

कराळे सरांनी राजेश्वरीला भर वर्गात चोर ठरवलं, त्याला आठ दिवस झाले होते. मिरजगावची ही पोरगी नगरच्या कॉलेजात टी.वाय.ला होती. गणितातल्या डायनॅमिकल सिस्टिम्सवर तिने प्रोजेक्ट केला होता. एक साधं सूत्र, त्यात एक आकडा घालायचा, येईल ते उत्तर परत त्याच सूत्रात घालायचं, असं साठ वेळा. तिने हे मोबाईलवर केलं. सरांनी आपल्या कॅल्क्युलेटरवर साठ वेळा बटण दाबलं आणि त्यांचं उत्तर वेगळं आलं. झालं. आकडे कुठून तरी उतरवलेत, अक्कल उसनी आहे, असं सगळ्यांदेखत सुनावून त्यांनी फाईल तिच्या बाकावर आपटली. दुसऱ्या दिवसापासून मैत्रिणीही डबा घेऊन लांब बसू लागल्या.

अकरा वर्षं हा माणूस तो विषय शिकवत होता, म्हणजे त्याच त्या नोट्स वाचून दाखवत होता. राजेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी ती तोंडी परीक्षेपर्यंत गप्प राहिली, कारण तिथे नेवाशाहून आलेल्या परीक्षक मॅडम बसणार होत्या.

परीक्षेत सरांनी पुन्हा तेच उगाळलं. राजेश्वरीने त्यांचाच कॅल्क्युलेटर मागितला. साठ पायऱ्या केल्या, उत्तर सरांचंच आलं. मग तेच सूत्र तिने कंस सोडवून घातलं आणि परत साठ पायऱ्या केल्या. या वेळी उत्तर भलतंच आलं. यंत्र शेवटचे अंक कापतं, यंत्र किंवा मांडणी बदलली की वेगळे कापतं, तिने मॅडमना सांगितलं, आणि तेवढीशी चूक दर पायरीला साधारण दुप्पट होत जाते. साठाव्या पायरीला कुणाचाच आकडा खरा नसतो, तिचाही नाही आणि सरांचाही नाही. प्रोजेक्टच्या तिसऱ्या पानावर हेच लिहिलं होतं. सरांनी ते पान उघडलंच नव्हतं.

मॅडमनी पन्नासपैकी सेहेचाळीस मार्क दिले. सरांनी दात आवळून सही केली आणि तिला जायला सांगितलं.

मार्कांनी तिचं समाधान होणार नव्हतं. गेलेलं नाव मार्कांनी परत येत नाही, हे आठ दिवसांत तिला पुरतं कळलं होतं. बाहेर व्हरांड्यात सगळा वर्ग आपापल्या पाळीची वाट बघत होता. तिने दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली.

“तुमी मला वर्गात चोर म्हनला, सर. आता वर्गालाच सांगा, चूक कुनाची हुती.”

“मार्क मिळाले ना? निघ.”

ती हलली नाही. सरांनी यादी पुढे ओढली आणि पुढचा रोल नंबर पुकारला. तिच्या शेजारून जायला जागा होती, तरी कुणीच आत आलं नाही; सगळे सरांकडेच बघत होते. कराळे सरांनी तोच नंबर पुन्हा पुकारला.