एक किलोला थोडा कमी

मी एक जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ठोकळा आहे. माझ्या अंगावर ‘एक किलो’ असं कोरलेलं आहे, पण मित्रांनो, त्यावर आता विश्वास ठेवू नका.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. लालभडक रस वाळूच्या साच्यात ओतला, निवतो न निवतो तोच फिरत्या दगडावर माझी कातडी सोलली. पोटात भोक पाडलं आणि वजन अचूक भरावं म्हणून त्यात शिसं ठोकलं.

तिथून मी ओक्लाहोमातल्या एका हायस्कुलात आलो. मिस हार्गिस तिथे पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्या मला स्प्रिंगला टांगायच्या, तराजूत घालायच्या. “एका ठोकळ्यावर सगळ्यांचा भरवसा, याला माप म्हणतात,” असं म्हणायच्या. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

एके दिवशी मला दोरीला टांगून भिंतीची उंची मोजायचा तास होता. लाइल केसिंजर नावाचा मुलगा क्लिंट टबीला म्हणाला, “नीट मोज हां. तुझ्या बापाला तुरुंगाच्या भिंतीवरून उडी मारायला उपयोगी पडेल!”

वर्ग हसला. क्लिंटने मला उचललं आणि लाइलच्या तोंडावर फेकलं. त्याचा ओठ फाटला, दात तुटला. माझ्यावरचं रक्त मिस हार्गिसनी स्वतः पुसलं आणि मला सामानाच्या खोलीतल्या खालच्या कपाटात कुलपात टाकलं. क्लिंटला शाळेतून काही आठवडे काढलं. तो परतला, पण दोघं एकमेकांशी बोलेनात. आणि मी अंधारात गंजत पडलो.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी चक्रीवादळ आलं. भोंगे वाजले. मुलं शाळेच्या आतल्या, बिनखिडक्यांच्या बोळाकडे पळाली. शेवटी राहिले मिस हार्गिस, क्लिंट आणि लाइल. त्यांना बोळ गाठता आला नाही. मिसनी दोघांना सामानाच्या खोलीत ढकललं, आणि छप्पर उडालं. भिंत कोसळली. माझं कपाट फुटलं, मी विटांवर आदळलो.

वारा थांबला तेव्हा लाइल मांडीपर्यंत गाडला गेला होता. मिसच्या छातीवर तुळई होती. क्लिंट ओरडत होता, पण बाहेर ढिगारा उपसायला आलेल्या यंत्रांची घरघर इतकी होती की कुणालाच ऐकू जाईना.

“ओरडू नकोस,” मिस कशाबशा म्हणाल्या. “हवेत आवाज पांगतो. तो लोखंडी नळ बघ, भिंतीतून बाहेर गेलाय. त्याच्यावर ठोक. लोखंडातून आवाज वेगाने जातो, लांब जातो. तीन ठोके, मग थांब. माणूस आहे हे कळू दे त्यांना.”

क्लिंटने चाचपडत मला धरलं.

लाइलने डोळे किलकिले केले. “तोच ना रे हा? माझा दात पाडणारा?”

“हो.”

“मग आज हात आखडता घेऊ नकोस, गाढवा.”

क्लिंट ठोकत सुटला. मित्रांनो, बीड वाकत नाही, तुटतं. माझा कोपरा उडाला. पोटातलं शिसं निखळून पडलं. क्लिंटची बोटं सोलली, त्याचं रक्त माझ्यावरून ओघळलं. तीन ठोके, थांब. तीन ठोके, थांब. मग पलीकडून कुणीतरी तसेच तीन ठोके दिले.

“मिस, ऐकलंत? मिस!” क्लिंट ओरडला.

मिस हार्गिसचा श्वास थांबला होता.

दोन्ही मुलांना जिवंत काढलं. लाइल आता काठी घेऊन चालतो.

नवीन शाळा झाली, नवीन शिक्षक आले. त्यांनी मला तराजूत घातलं, मान हलवली आणि भंगारात टाकलं. तिथून क्लिंटने मला उचलून आणलं. आता मी मिस हार्गिसच्या थडग्याशी गवतात असतो. पावसाने खूप गंजलो आहे.

मित्रांनो, हातात जड काही घेतलंत तर क्षणभर थांबा. आम्हाला स्वतःचं मन नसतं, तुम्ही माराल तिथे आम्ही लागतो. आणि आम्ही बिघडलो तर लगेच फेकू नका, कशाने बिघडलो ते आधी विचारा.

दर मे महिन्यात ते दोघं येतात. फुटबॉलवरून कडाकडा भांडतात. जाताना लाइल काठी गवतात ठेवतो, क्लिंटच्या खांद्याला धरून खाली वाकतो आणि मला दुसऱ्या कुशीवर वळवतो, एकाच बाजूने गंजू नये म्हणून.