थोरलीचं घर, धाकटीचं बुकिंग

आमच्या गावात आईचं घर थोरल्या लेकीला जातं. भिंती, भांडी, ऑलिव्हची झाडं, सगळं तिचं. धाकटीला काय मिळतं असं विचाराल तर काम मिळतं, आणि ते मात्र कधी कमी पडत नाही. मी धाकटी. नाव कालियोपी, पण सगळे पोपी म्हणतात. अथेन्सजवळ पिरेयसला शिवणकाम करते आणि दर ऑगस्टात, मरियामातेच्या सणाला, बोटीने आमच्या बेटावर, कार्पाथोसला येते. त्याला मी इतकी वर्षं सुट्टी म्हणत आले, हे माझं मेलीचं कौतुक.

माझी थोरली बहीण सेवास्ती आईचं घर पाहुण्यांना भाड्याने देते. घरात जिना चढून जायचा मोठा लाकडी माचा आहे. त्यावर आईने भरतकाम केलेल्या उशांत डोकं खुपसून जर्मन झोपतात, इटालियन झोपतात, आणि मी खाली कोठारात, तेलाच्या रांजणांशेजारी, घडीच्या खाटेवर. सकाळी उठलं की परक्यांच्या चादरी. "आहेसच तू, तर जरा घे ना हातासरशी," एवढंच ताई म्हणायची. त्या "जरा"त माझं अर्धं आयुष्य धुऊन वाळत पडलं.

तरी मी मुकाट्याने करत राहिले असते. पण गेल्या वर्षी एका पाहुणीने माझ्याकडे बोट दाखवून ताईला विचारलं, "या बाई तुमच्याकडे खूप दिवस कामाला आहेत का?" आणि ताई म्हणाली, "हो, खूप वर्षं." म्हणाली आणि कॉफी ओतायला वळली. खोटं बोलल्याचं तिच्या गावीही नव्हतं. तिला ते खोटं वाटलंच नसेल.

यंदा उन्हाळा लागला तशी शेजारच्या मशीनवरची स्तामातिया मला म्हणाली, "मग? या सुट्टीत राहणार कुठे?"

"तोच विचार करतेय."

"तिथल्या बंदरावर खोली घे की. समुद्र समोर, कोणाची कटकट नाही."

"गावात सख्ख्या बहिणीचं घर असताना? लोक म्हणतील, पोपीला हाकलली."

"गावातच कॅफेवाल्याच्या माडीवर राहा."

"मग म्हणतील, पोपी माजली."

"मग काय आठवडाभर पाण्यात तरंगत राहणारेस?"

मी कात्री खाली ठेवली. "आईच्या घरात राहणार. माच्यावर. पैसे भरून, पाहुणी म्हणून."

स्तामातियाला इतकं हसू आलं की दोरा सुईतून निघाला. फोन तिनेच लावला. आवाज जरा नाकातून काढला, स्वतःचं नाव दिलं, सणाचा आठवडा ठरवला. पलीकडून ताई गोड गोड बोलत होती. असं गोड ती माझ्याशी कधी बोलली होती ते मला आठवेना. मी ताईला वेगळा फोन करून कळवलं की यंदा माझं यायचं नक्की नाही. ती म्हणाली, "बघ बाई, काम खूप असतं सणात."

बसमधून चौकात उतरले तर ताई उंबऱ्यावर उभीच होती. हातात तबक, तबकात द्राक्षांचा मुरंबा, चमचा आणि गार पाण्याचा पेला. समोरच्या पायरीवर म्हातारी आनेझिना नेहमीप्रमाणे गल्लीची राखण करत बसली होती.

"अगं पोपी, आलीस होय?" ताईचा चेहरा उजळला. "बरं झालं. बॅग कोठारात टाक आणि मागच्या खोलीचं तेवढं बघ. माझी पाहुणी यायची आहे इतक्यात."

"आली," मी म्हणाले, आणि चमचाभर मुरंबा उचलून तोंडात घातला.

आमच्याकडे उंबऱ्यावरचा मुरंबा ज्याने खाल्ला तो घरचा पाहुणा. मग तो वैरी का असेना, त्याला आत घ्यावंच लागतं. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती, मी चघळत होते. घाई कसलीच नव्हती मला.

"थट्टा करू नकोस. पिरेयसची बाई आहे, पैसे भरलेत तिने."

"मीच भरलेत. नाव मैत्रिणीचं होतं."

तिने आवाज खाली आणला. "सख्खी बहीण पैसे मोजून राहते म्हटल्यावर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. परत घे ते. खाली ये गुपचूप."

"खाली मी खूप राहिले, ताई. यंदा वर."

"आईला काय वाटलं असतं?"

"आईला सोड. तू काय म्हणतेस ते सांग. जर्मनाला दार उघडतेस, मला नाही?"

समोरून आनेझिना खणखणीत आवाजात म्हणाली, "सेवास्ती, पोरीने मुरंबा खाल्लाय. आत घे." ताईने दार सोडलं.

माच्याच्या पायऱ्या मी एकेक करून चढले. याच घरात जन्मले मी, पण तिथे झोपायचा मान मला कधी मिळाला नव्हता. उशीवरच्या आईच्या टाक्यांवरून हात फिरवला आणि रडले, अगदी हमसून. मग डोळे पुसले आणि मस्त ताणून दिली.

सकाळी खाली उतरले तर अंगणात रिगोपुला टब ओढत होती. ही ताईची धाकटी मुलगी. ऱ्होड्स बेटावर शाळेत शिकवते, तीही सणापुरती सुट्टीवर आलेली.

"झोप लागली का, मावशी?"

"छान लागली."

"लागणारच. तुझी खाट आता मला दिलीये. तुझ्या चादरीही." ती हसली नाही. टबात साबण टाकत राहिली.

मला कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. मी मोठी शूर म्हणून वर जाऊन लोळत होते, आणि माझं ओझं नुसतं एका धाकटीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर गेलं होतं. ताईचं काही अडलंच नव्हतं.

"ठेव तो टब. वर चल."

"आई घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे. हा आठवडा माचा माझा आहे, मी वाटेल त्याला बसवीन."

"दुपारच्या बसने मागच्या खोलीचे पाहुणे येताहेत."

"तुझे आहेत का ते?"

रिगोपुलाने टब पायाने बाजूला सारला. मग ओले हात झग्याला पुसले आणि माझ्यामागून जिना चढली. मी कॉफी केली. आम्ही दोघी माच्यावर मांडी घालून बसलो आणि तिने पहिला घोट घेतला तोच ताई आली. सणासाठी नटलेली, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ, थोरलीनेच घालायची ती.

"चादरी तशाच पडल्यात. कोण धुणार?"

"घर कोणाचं, ताई?"

"हा काय प्रश्न झाला? माझं. आईने मला दिलं."

"किती दिलं?"

"सगळं. थोरली आहे मी."

"मग सगळ्यात चादरीही आल्या."

ताई लाल झाली. "मी या वयात टबात उभी राहू? सणाच्या दिवशी? तुला लाज नाही वाटत, पोपी?"

"इतकी वर्षं मी उभी राहिले. तुला वाटली का?"

ती लेकीकडे वळली. "रिगोपुला, उतर खाली."

रिगोपुलाने आणखी एक घोट घेतला. "आई, मी सुट्टीवर आलेय."

ताई जराशी थांबली, कोणीतरी हाक मारून थांबवेल या आशेने. कोणी मारली नाही. तिने माळ काढली, खुंटीला लावली आणि बाह्या वर करत अंगणात गेली.

दुपारी चौकात लिरा, आमचं छोटं तंतुवाद्य, वाजू लागलं. रिगोपुला आणि मी नाचाच्या रांगेत शिरलो, एकमेकींचा हात धरून. पायरीवरून आनेझिनाने वर मान केली. आईच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं.

"पोपी, तू तर इथे," म्हातारी म्हणाली. "मग ती वर कोण?"

"मालकीण," मी म्हणाले आणि पुढचं पाऊल टाकलं.