एकतीस मोहरे

दस्तगीरने पटाशी टेकवली आणि बाभळीच्या काळपट गाभ्यातून वजिराची मान निघू लागली. खराद करकरत होता, भुसा त्याच्या मनगटावर उडत होता. मान झाली, खांदे झाले. आता फक्त डोक्यावरचा मुकुट उरला, तेवढ्यात त्याने बटण बंद केलं. सकाळपासून हे चौथ्यांदा झालं. काम जेमतेम दहा मिनिटांचं, पण चाळीस वर्षं लाकूड कातणाऱ्या माणसाला आज ते दिवसभर पुरलं होतं.

पाच वाजता शिवशंकर येणार होता. हा लातूरकडचा कारकून नुकताच बदलीवर गेवराईत आलेला. बायको-मुलं तिकडेच आणि इथे भाड्याची एक खोली. महिन्यापूर्वी लाटणं घ्यायला म्हणून दुकानात आला, फळीवरचे बुद्धिबळाचे मोहरे पाहिले आणि लाटणं विसरून स्टूल ओढून बसला. मोबाइलवर रोज खेळतो म्हणाला, पण लाकडाचा घोडा हातात धरून वर्षं झाली म्हणाला.

"चाचा, रविवारी येत जाऊ का खेळायला?"

"त्यात एक वजीर न्हाई."

"मग काय झालं? बाटलीचं झाकण ठेवू."

"खराद्याच्या दुकानात झाकणानं खेळायचं?" दस्तगीर भडकला होता.

"मग एक करा की. तुमच्या तर हातचं काम आहे."

दस्तगीरने फडकं उचलून खराद पुसायला घेतला. गेली अठरा वर्षं बाजारातला जो तो हेच म्हणत होता.

हा डाव मुळात त्याने स्वतःसाठी केलाच नव्हता. कोण्या एका फौजदाराने हौसेने करायला सांगितला होता. हळदूच्या लाकडाचे पिवळे सोळा आणि बाभळीचे काळे सोळा. मोहरे तयार झाले आणि फौजदाराची बदली झाली. पलंगाचे पाय आणि पाळण्याच्या दांड्या यांच्यामध्ये ते बत्तीस जण धूळ खात उभे राहिले. मग अजमतबीने दोन जुन्या कापडांचे तुकडे जोडून चौसष्ट घरांचा पट शिवून दिला, "ठेवलाच आहे तर नीट ठेवा" म्हणून. दस्तगीरला लहानपणी मामूने शिकवलेला खेळ आठवत होता, पण खेळायला माणूस नव्हता.

माणूस आला तो मेंढरांच्या मागून. सटवा लिंबागणेशकडचा धनगर. दिवाळी झाली की तो कळप घेऊन गोदाकाठाला यायचा, शिमग्यापर्यंत गेवराई ते उमापूर या पट्ट्यात शेताशेतांत खतासाठी मेंढरं बसवायचा आणि उन्हं तापली की परत फिरायचा. कुऱ्हाडीचा दांडा घ्यायला दुकानात शिरला आणि फळीकडे बघत म्हणाला, "ह्यो उंट हाय ना बे?" झालं. त्या दिवशीचा दांडा तसाच राहिला.

पुढे दर बाजारच्या दिवशी सटवा यायचा, घोंगडी खाली टाकायचा आणि दुपार भांडणात जायची. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं चालतं हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. "मेंढरू कुठं पयल्याच पावलाला उडी मारतं?" असं तो विचारायचा. बरेच दिवस वाद चालला आणि मग जगात कुठे नसेल असा तोडगा निघाला. सटवाची प्यादी एकच घर चालत आणि दस्तगीरची दोन. असं असूनही सटवा जिंकायचा, ही गोष्ट दस्तगीर कुणाला सांगत नसे.

पहिल्याच वर्षी, निघायच्या दिवशी मात्र तो हरला. रागाने उठला, काळा वजीर उचलला आणि बंडीच्या खिशात टाकला.

"पुढल्या साली आनून दीन. तवर कुनासंगं खेळू नको."

दस्तगीरने आठवडाभर त्याला शिव्या घातल्या. अजमतबी म्हणाली, "मेंढक्यानं तुमचा वजीर नेला की अक्कल नेली? बसा की एक करायला." तो बसला नाही. का ते त्यालाही कळलं नाही. पण दिवाळीनंतर सटवा दारात उभा राहिला, खिशातून वजीर काढून त्याने पटावर ठेवला, आणि दस्तगीरला आठ महिन्यांत झाला नव्हता इतका आनंद झाला. त्यानंतर दर शिमग्याला वजीर सटवासोबत जायचा आणि दर दिवाळीला परत यायचा. मधले महिने फळीवर एकतीस मोहरे असायचे.

अजमतबी जाऊन तीन वर्षं झाली. मुबीन, एकुलता एक मुलगा, पुण्यात गॅरेजला. दर जुम्म्याला फोन करतो आणि दुकान विकून टाका म्हणतो. तयार लाटण्यांचे गठ्ठे शहरातून येतात, त्यामुळे खराद आठवड्यातून दोनदा फिरला तर फिरतो. या सगळ्यात दिवाळीची वाट पाहणं तेवढं उरलं होतं. आणि यंदा दिवाळी होऊन गेली, थंडी सुरू झाली, संक्रांत आठवड्यावर आली, तरी सटवाचा पत्ता नव्हता. फोन बंद. उमापूरच्या रस्त्यावर दिसलेल्या दोन कळपांना त्याने विचारलं; कुणाला काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी शटर ओढताना त्याला भीती वाटायची. परवा शिवशंकर पुन्हा विचारायला आला तेव्हा तो "या रविवारी" म्हणून बसला. एकटं बसून बसून माणूस किती बसणार?

त्याने पाचव्यांदा बटणाकडे हात नेला तेव्हा दारात कुणीतरी गाठोडं ठेवल्याचा आवाज आला.

"दस्तगीरभाऊ, वळकलं का?"

पायरीवर बायडाबाई उभी होती. सटवाची बायको. कळपाबरोबर असायची तेव्हा दोन-चारदा तिने दुकानातून रवी नेली होती. तिचा चेहरा उतरला होता. दस्तगीरची नजर तिच्या कपाळाकडे गेली. कुंकू होतं. त्याने सोडलेला श्वास तिलाही ऐकू आला असावा.

"या, वैनी, या. सटवा कुठं हाय?"

"घरी हाय." ती स्टुलावर टेकली. "श्रावनात लकवा मारला भाऊ. उजवी बाजू गेली समदी. दवाखाना केला, मालिश केली. आता भिताडाला टेकून बसत्येत तेवढं."

"अन् मेंढरं?"

"इकली. आमचा पोरगा लखन जेशीबी मशीनवर डायवर हाय, त्याला कळप नको. फोनबी त्यानंच नेला." तिने पदराच्या टोकाची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. "ह्यांनी धाडलंय. म्हन्ले, येष्टीनं जा अन् दिऊन ये."

काळा वजीर तिच्या तळहातावर होता.

दस्तगीरने तो घेतला. त्याच्या हाताखालून अशी हजार लाकडं गेली असतील, पण असं गुळगुळीत त्याने कधी काही केलं नव्हतं. मुकुटाच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. तंबाखूचा आणि लोकरीचा वास येत होता.

"अजून काय म्हन्ला?"

"बोलनं जड झालंय. पर मला कळतं." ती म्हणाली. "म्हन्ले, दस्तगीराला सांग, माझं येनं आता होत न्हाई. त्यानं आता खुशाल कुनासंगबी खेळावं."

बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गाणी वाजवत गेली. मग बायडाबाईची नजर खरादाकडे गेली. यंत्रात अडकलेली ती मान, ते खांदे.

"ह्ये काय करायलाव?"

"लाटणं हाय," दस्तगीर म्हणाला.

"लई बारीक लाटणं हाय."

त्याने मान खाली घातली. भर बाजारात चोरी पकडली जावी तसं त्याला झालं. बायडाबाईला मात्र राग आला नव्हता. उलट तिला थोडं हसू आलं.

"चुकलं न्हाई तुमचं. मानसाला मानूस लागतंच." ती म्हणाली. "तुमाला सांगू का भाऊ, रानात ह्ये जमिनीवर रेघा वढायचे. लेंड्या मांडायचे अन् मधी ह्यो एकटा लाकडाचा. दोन्हीकडून आपनच खेळायचे. मी म्हनायची, आवो, त्या बाजूनं कोन हाय? तर म्हनायचे, खरादी हाय."

"मग जिंकायचं कोन?"

"तुमी हरायचा. दरसाली."

दस्तगीर मोठ्याने हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवले नाहीत.

"भेटायला येतं का कोन त्याला?"

"पयले आठ दिवस लोक आले. आता मानूस बसून हाय म्हन्ल्यावर कोन येतंय?" तिने पदर सारखा केला. "तुमची लई याद काढत्येत. पर तुमचं आमच्या वस्तीवर कधी येनं झालं न्हाई."

ती तक्रार नव्हती. तिने सहज म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. अठरा वर्षं सटवाच येत होता. लिंबागणेश काही परमुलखात नव्हतं, बीडला एस.टी. बदलली की गाव. पण आपणही उठून जावं, हे दस्तगीरच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. येणारा तो आणि वाट बघणारे आपण, असंच धरून तो चालला होता. दोन महिने घाबरत बसला, पण वाट बघण्यापलीकडे त्याने काय केलं होतं?

"डावा हात चालतो का त्याचा?"

"चालतो की. बिडी वढत्येत गुपचूप."

दस्तगीर उठला. फळीवरून एकेक मोहरा उतरवून त्याने फडक्याने पुसला. हत्ती, घोडे, उंट, दोन्ही राजे, पिवळा वजीर, सोळा प्यादी. अजमतबीचा पट जमिनीवर पसरून त्यात सगळे ओतले आणि चारी टोकं धरून गाठ मारली. लेकीची पाठवणी करताना बांधतात तशी घट्ट गाठ. मग ते बोचकं त्याने बायडाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये कावून भाऊ?"

"घेऊन जा. त्याच्या उशाला मांडून ठेवा."

"आन् ह्यो?" तिने त्याच्या मुठीकडे बोट केलं. "ह्यो ऱ्हायला की."

"ह्यो न्हाई." दस्तगीरने काळा वजीर सदऱ्याच्या खिशात टाकला. "त्याला सांगा, वजीर माझ्यापाशी हाय. मी आनून दीन. तवर कुनासंगं खेळू नको म्हनावं."

बायडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला काय उमगलं आणि काय नाही कोण जाणे, पण तिने ते बोचकं तान्ह्या पोरासारखं पोटाशी धरलं.

"त्यांच्यासंगं खेळायला कोन बसलंय, भाऊ?"

"तरीबी सांगा. अन् म्हनावं, माझी प्यादीबी आता एकच घर चालत्याल."

चहा पिऊन ती निघाली. तो स्टँडपर्यंत पोचवायला गेला, खिडकीशी जागा मिळेपर्यंत थांबला, मग परत आला. फळीवर मोहऱ्यांच्या जागी धुळीत लहान लहान गोल उमटलेले होते. त्यांच्याकडे पाहून त्याला फार एकटं वाटलं. रोज दुकान उघडल्यावर पहिली नजर तिकडेच जायची, ती आता कुठे जाणार? खरादातून अर्धा वजीर काढून त्याने भुशात टाकून दिला.

पाचच्या सुमाराला शिवशंकर आला. हातात भज्यांचा पुडा होता.

"चाचा, झाला का वजीर?"

"डाव गावाला गेला."

शिवशंकर रिकाम्या फळीकडे बघत राहिला. त्याचं तोंड एवढंसं झालं. दस्तगीरला त्याचीही दया आली. रविवारी त्या खोलीत काय करत असेल हा माणूस?

"खोलीवर माझा प्लास्टिकचा एक आहे," शिवशंकर म्हणाला. "तो आणू?"

"नका आणू. मला खेळायला मनाई हाय."

"मनाई? कुणाची?"

"हाय एकाची. तुमी भजी सोडा, मी चहा सांगतो. खेळ ऱ्हाऊ द्या, चहाला येत जा."

चहा येईपर्यंत दस्तगीरने लाकडावर खुणेच्या रेघा मारायचा खडू शोधून काढला. दारामागची फळी उचलून गुडघ्यावर धरली आणि मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं: 'बाजारच्या दिवशी दुकान बंद राहील.' मग ती बाहेर, लोकांना दिसेल अशी टांगली.

शिवशंकरने ती वाचली आणि भजं हातातच राहिलं. आठवड्यात जो काही धंदा व्हायचा तो त्याच एका दिवशी, हे महिनाभरात त्यालाही कळलं होतं.

"चाचा, बाजारच्या दिवशीच बंद? म्हणजे, या आठवड्यापुरतं ना?"

दस्तगीरचा हात खिशाकडे गेला. वजीर होता.

"न्हाई," तो म्हणाला. "दर बाजारला."