चार बोटं उंच जीप

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत मोतीराम गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचा. ट्रक असो, टेम्पो असो, ज्या गाडीची कंबर बसली ती त्याच्या दारात यायची. पण गाडी उंच करून द्यायचं काम तो घेत नसे. चौऱ्याण्णव साली त्र्यंबककडच्या एकाची जीप त्याने जादा पाटे घालून उचलली होती, मोठे टायर चढवून दिले होते. आठ महिन्यांनी ती घाटातल्या वळणावर उलटली आणि तीन माणसं गेली. मोतीरामला कुणी बोल लावला नाही, विचारायलाही कुणी आलं नाही. तोच आपणहून चौकीच्या आवारात जाऊन ती जीप पाहून आला. त्याच्या हातचा एकही बोल्ट सैल झालेला नव्हता. काम चोख होतं, आणि तेच त्याच्या जिवाला लागून राहिलं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात सुरगाण्याकडचा झुंबर भोये आपली जुनी जीप घेऊन आला. पाड्यावरच्या माणसांना तो वणीच्या बाजाराला न्यायचा-आणायचा. जीपमध्ये मागे भंगारातून आणलेले चार दांडगे टायर होते. गाडी चार बोटं उचला आणि हे बसवून द्या, एवढंच त्याचं मागणं. मोतीरामने नाही म्हटलं. उंच गाडी वळणावर कशी कलंडते, टपावर माणसं बसली की ती कशी हाताबाहेर जाते, ते समजावलं. त्र्यंबकच्या जीपचंही सांगितलं. घरात बायकोलासुद्धा त्याने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

झुंबरने सगळं ऐकून घेतलं, पण जागचा उठला नाही. तो आपल्या चुलतीचं, कुसाबाईचं सांगू लागला. पाड्याच्या वाटेवर नदीवर एक बुटकी फरशी, बिनकठड्याचा ठेंगणा पूल, आहे. पावसात तिच्यावरून पाणी वाहतं आणि जीपचं इंजिन बुडतं. मागच्या श्रावणात कुसाबाईला भाताच्या खाचरात साप चावला.

"तीन तास काठावर बसलो, मिस्तरी," झुंबर म्हणाला. "पाणी लय नव्हतं. मांडीला लागंल एवढंच. म्हातारी गाडीतच गेली, माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून."

मोतीरामने त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. झुंबर दोन्ही रात्री जीपमध्येच झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोतीरामने जॅक लावला. टपावर एकही माणूस घेणार नाही, आत दहाच्या वर बसवणार नाही, घाटात गाडी पळवणार नाही, अशी सप्तशृंगीची शपथ त्याच्याकडून घेतली आणि मगच पाट्यांना हात घातला.

झुंबरने शब्द पाळला. पोळ्याच्या आधी तो नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन आला. दोन आजारी माणसं आणि एक अडलेली बाळंतीण फरशीवरून पार नेली, तिघंही सुखरूप आहेत, असं सांगून गेला. त्या दिवशी चहाच्या टपरीवर मोतीराम ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होता. आपण उचललेल्या गाडीबद्दल पाच वर्षांत तो चारचौघांत पहिल्यांदाच तोंड उघडून बोलत होता.

भाद्रपद सरता सरता एक ट्रक गल्लीत शिरला. मागे दोराने बांधलेली झुंबरची जीप होती, सीटपर्यंत चिखलाने भरलेली. ट्रकमधून झुंबरची बायको गोजराबाई उतरली, मागोमाग तिचा भाऊ पुंजा. तिचं कपाळ मोकळं होतं. मोतीरामने हातातला पाना खाली ठेवला.

पुंजाने सांगितलं, वणीला माणसं सोडून झुंबर एकटाच परत येत होता. फरशीवर कमरेच्या वर पाणी होतं. काठावरची माणसं थांब थांब म्हणत होती. गाडी जाते, रोजच जाते, असं म्हणून त्याने ती पाण्यात घातली. मधोमध ते मोठे टायर पाण्यावर तरंगले आणि धारेने जीप आडवी लोटून दिली. झुंबर दोन दिवसांनी खालच्या वळणाला सापडला.

मोतीरामने टपाची शपथ घातली होती, घाटाची घातली होती. पाण्याचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

जीप दुरुस्त करायची होती. पाड्याला दुसरी गाडी नव्हती आणि आता ती पुंजा चालवणार होता. पण आधी ती खाली घ्या, पहिल्यासारखी करा, असं गोजराबाईचं म्हणणं होतं.

"आणि कुणाला साप चावला तर?" मोतीरामने विचारलं. विचारल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

गोजराबाई जीपकडे वळली.

"तर काठावर बसू," ती म्हणाली. "पाणी उतरंस्तोवर बसू. गाडी बुटकी असती तर तो बी बसला असता."

मोतीरामने जादा पाटे काढले, जुन्या मापाचे टायर चढवले. हेच बरोबर आहे, असं त्याला वाटत नव्हतं. चूक आहे, असंही म्हणता येत नव्हतं. ते मोठे टायर तिने परत नेले नाहीत. मोतीरामने ते त्याच संध्याकाळी भंगारात देऊन टाकले.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर पुंजा ब्रेकच्या कामासाठी आला. पाना उचलता उचलता मोतीरामने विचारलं, यंदा काठावर बसावं लागलं का.

"दोनदा," पुंजा म्हणाला. "एक बाई वाचली. एक पोरगी नाय."

मोतीराम चाकापाशी बसला आणि त्याचे नट सोडवू लागला.