पोटातलं काळं रान

मित्रांनो, मी क्वार्ट्झ काचेची एक जुनी नळी आहे. मला दोन्ही टोकांना तोंडं आहेत, पण ऐन वेळी एकातूनही शब्द फुटला नाही.

कारखान्यातून आले तेव्हा मी अगदी नितळ होते. प्रयोगशाळेतल्या भट्टीत मला आडवं निजवलं. तिथली ताई शिंप्याची लेक. लोखंडाचे अदृश्य कण पसरलेला सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा ती माझ्या पोटात सरकवायची. भट्टी लालबुंद झाली की एका तोंडातून वायू सोडायची. त्यातला कार्बन त्या कणांवर गवतासारखा उभा वाढायचा. त्या होत्या नॅनोट्यूब, माझ्यासारख्याच पोकळ. केसाहून हजारो पट बारीक, तरी पोलादाहून चिवट.

आधी नुसती खुरटी लव यायची. दर खेपेला माझ्या अंगावर थोडी काजळी बसे. मी काळवंडत गेले, तसं पोटातलं रान दाट होत गेलं. एकदा तर मखमलच उगवली. ताईनं तिच्यातून वीतभर धागा ओढला आणि बाबांना बोलावलं.

काच लागून बाबांच्या उजव्या तळव्यातली स्पर्श कळवणारी नस तुटली होती. दोन बोटं बधिर.

"बाबा, तुटलेली नस या धाग्याच्या आधारानं पुढं वाढेल. कदाचित हं. अजून खूप तपासायचंय."

"अगं, पण एवढा बारीक धागा सुईत ओवणार कोण? तुझा आजा?"

दोघं खूप हसली. मग बाबा हळूच म्हणाले, "जरा लवकर कर गं. सुई टोचली तरी कळत नाही."

तो धागा तपासण्यांतच संपला. पुढं या कामाला पैसे द्यायचे का, ते ठरवणारे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर रान उगवलं तर काम चालणार, नाहीतर भट्टी बंद.

आदल्या संध्याकाळी ताईनं मला बाहेर काढलं. चांगलं कापड हाती घेण्याआधी मशीन पुसायचं, ही बाबांची शिस्त. तिनं मला आम्लानं धुतलं, मायेनं पुसलं. पुसता पुसता गुणगुणत होती,

"काचेच्या गं पोटी, काळं रान वाढू दे,
बाबाच्या बोटाला, सुई पुन्हा कळू दे."

मी आतून आक्रोश करत होते. बाई गं, ती काजळी राहू दे! तापली की तिच्यातून किंचित ओलावा सुटतो, त्यावरच तर हे रान पोसलंय! पण काचेचा आक्रोश कुणाला ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी तुकडा कोरा निघाला. परीक्षकांनी घड्याळाकडं पाहिलं आणि वह्या मिटल्या.

शेजारच्या टेबलावर काम करणारी ताईची मैत्रीण म्हणाली, "नळी तर आरशासारखी आहे गं. कणच बिघडले असतील." ताईनं कण बदलले, वायू बदलला. माझ्यावर शंका घेतली नाही. भट्टी थंड झाली ती कायमची.

सामान न्यायला बाबा आले. त्यांनी मला उजव्या हातात उचललं आणि मी निसटले. माझी कड फुटली. मला पुन्हा उचलताना तीच कड लागून त्यांच्या बधिर बोटातून रक्त आलं.

"बाबा, लागलं का?"

"कुठं?" असं म्हणून ते जमिनीवरचे थेंब पाहत राहिले.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसायला घ्याल तेव्हा तिच्या काळेपणाच्या आधारानं काय जगतंय, ते आधी बघा. मला आता जपू नका. खोक्यात मी पुन्हा नितळ पडून आहे. माझ्यातून आरपार दिसतं, आणि पलीकडं काहीच नाही.